टायपिंग क्लासची जुनी मशीनं आणि ट्रंकाभर स्पेअर पार्ट कसे विकायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सांगलीत वडिलांचा टायपिंग क्लास होता, तो बंद झाला, शिवाय त्यांना जुनी मशीनं गोळा करायचा नाद, आता वीस-बावीस मशीन आणि दोन ट्रंका भरून पार्ट पडलेत, तुम्ही पुण्यात टू बीएचकेमध्ये, तीन-चार ठेवायचीत आणि बाकीची काढायचीत. आणि एक जण सगळा लॉट उचलतो म्हणून मागे लागलाय. मी या धंद्यात बरीच वर्षं आहे, रिपेरिंगही केलंय आणि खरेदी-विक्रीही, त्यामुळे जे माहीत आहे ते सांगतो, जरा लांबेल.

आधी त्या लॉटवाल्याला थांबवा. नाही म्हणू नका, फक्त महिनाभर थांब म्हणा. तो रेट काढताना डोळ्यासमोर भंगाराचा काटा ठेवतो, ऑफिसचं मोठं मशीन पंधरा किलोच्या आसपास भरतं, लोखंडाच्या भावाने त्याचे काहीशे रुपये होतात, त्याच्यावर थोडे टाकून तो तुम्हाला देणार आणि मग त्यातलं एखादं पोर्टेबल एकटंच विकून सगळ्या लॉटचे पैसे वसूल करणार. त्याचं चुकलं असं नाही, तो त्याचा धंदा. पण तुमच्याकडे काय आहे हे तुम्हाला माहीत नसताना सौदा करू नका एवढंच.

आता किमतीबद्दलचा एक मोठा गैरसमज. २०११ साली बातमी आली की गोदरेजने टाइपरायटर बनवणं बंद केलं, जगातला शेवटचा कारखाना बंद वगैरे, जगभर छापून आलं. ते 'शेवटचा' वगैरे खरं नव्हतं, पण तेव्हापासून ज्याच्या माळ्यावर गोदरेज आहे त्याला वाटतं आपल्याकडे खजिना आहे. तसं नाही हो. गोदरेजने १९५५ पासून मशीनं काढली, सरकारी ऑफिसं, कोर्ट, बँका, क्लास, सगळीकडे तीच, त्यामुळे एबी, एम-१२, प्राईमा ही मशीनं अजूनही ढिगाने आहेत आणि दुर्मिळ अजिबात नाहीत. रेमिंग्टन रँडची कलकत्त्याची मशीनं तशीच, मद्रासच्या हल्दा आणि फॅसिट तशाच. ही चांगली मशीनं आहेत, दणकट आहेत, पण त्यांना किंमत मिळते ती चालू असण्याची, वयाची नाही. बंद पडलेली प्राईमा आणि कागदावर स्वच्छ अक्षर उमटवणारी प्राईमा यांच्यात किमतीचा फरक दुप्पट-तिप्पट सहज असतो, आणि तो फरक बऱ्याच वेळा अर्ध्या दिवसाच्या कामाचा असतो.

तुमच्या यादीत मला खरं इंटरेस्टिंग वाटलं ते म्हणजे तीन पोर्टेबल, एक 'काळं जुनं, बाजूला काच असलेलं', आणि सहा मराठी मशीनं. पोर्टेबलला आज सगळ्यात जास्त गिऱ्हाईक आहे, कारण घर लहान, टेबल लहान, आणि घेणारे बहुतेक पंचवीस-तिशीतले, त्यांना ते उचलून खिडकीत नेऊन ठेवायचं असतं. ऑलिव्हेट्टीचं लेटेरा २२ किंवा ३२ असेल तर ते पहिल्या आठवड्यात जातं, लेटेरा २२ हे १९५० चं, निझोली या इटालियन डिझायनरचं डिझाईन, न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये ठेवलेलं, आणि मुख्य म्हणजे अजून सुंदर चालतं. हर्मीस, ऑलिम्पियाची एसएम सिरीज, यांनाही मागणी. ब्रदरची पोर्टेबल त्याच्या खाली. ते काळं काचवालं बहुतेक रॉयल १० किंवा त्याच्या जातीचं असणार, फोटो नीट नाही म्हणून खात्रीने सांगत नाही. रॉयल १० हे १९१४ साली आलं आणि लाखोंनी विकलं गेलं, म्हणजे तेही दुर्मिळ नाही, पण दिसायला देखणं असल्यामुळे कॅफेवाले, इंटेरियरवाले आणि सिनेमा-सिरीयलचे आर्ट डिरेक्शनवाले त्याला चांगला भाव देतात. आर्ट डिरेक्शनवाल्यांचं एक लक्षात ठेवा, त्यांना चाळीसच्या दशकातला सीन लावायचा असेल तर गोदरेज चालत नाही, तेव्हा ते नव्हतंच, त्यांना रेमिंग्टन, अंडरवुड, इंपिरियल असलंच काही हवं असतं. आणि असं मशीन विकण्याऐवजी भाड्याने देता आलं तर बघा, मुंबईत असतात तर मी हेच करा म्हटलं असतं, पुण्याहून ने-आण परवडेल का ते तुम्ही ठरवा.

मराठी मशीनांचं मात्र वेगळं आहे आणि इथे मी जरा जास्त बोलणार. राज्य परीक्षा परिषदेची जीसीसीची, म्हणजे सरकारी टायपिंगची, परीक्षा मशीनवरून कॉम्प्युटरवर गेली तेव्हा गावोगावच्या क्लासनी मराठी ३०, ४० ची (मिनिटाला तेवढे शब्द) मशीनं अक्षरशः किलोवर घातली, त्यामुळे जी राहिलीत ती राहिलीत. घेणारे तीन प्रकारचे. एक, तालुक्याच्या कोर्टाबाहेर बसणारे, त्यांची संख्या कमी होतेय पण लाईट गेली तरी काम थांबत नाही म्हणून काही जण अजून मशीन ठेवतात, त्यांना फक्त चालू मशीन हवं, रंग उडालेला चालतो, आणि ते घासाघीस करतात, करू द्या. दोन, मराठी लिहिणारी-वाचणारी हौशी माणसं, कवी, कॅलिग्राफीवाले, त्यांना देवनागरीत पत्र टाईप करायचंय. तीन, परदेशातले संग्राहक, ज्यांच्याकडे अरबी आहे, ग्रीक आहे, रशियन आहे, आणि देवनागरी नाही. अमेरिकेत-इंग्लंडमध्ये राहणारे मराठी लोकही विचारतात, पण ते बहुतेक वेळा 'पुढच्या डिसेंबरमध्ये आलो की घेऊन जाईन' म्हणतात आणि बॅगेचं वजन बघून विषय सोडून देतात.

मराठी मशीन विकताना दोन गोष्टी नक्की करा. एक म्हणजे विकत घेणाऱ्याला आधीच सांगा की मात्रा, अनुस्वार, रफार, उकार यांच्या कळा दाबल्या की कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, पुढे सरकत नाही. त्या कळा तशाच बनवलेल्या असतात, चिन्ह अक्षराच्या वर किंवा खाली बसायला हवं म्हणून. इंग्रजी मशीनची सवय असलेला माणूस मशीन घरी नेतो, मात्रा दाबतो, कॅरेज हलत नाही, आणि रात्री साडेदहाला फोन येतो की तुम्ही बिघडलेलं मशीन दिलंत. आणि दुसरं, जाहिरातीत नुसतं 'मराठी टाइपरायटर' लिहू नका, सगळ्या कळा शिफ्टसकट टाईप केलेल्या कागदाचा फोटो टाका, म्हणजे मराठी की हिंदी, ल आणि श चं वळण कसं, जोडाक्षरं कुठली, आकडे कुठले, हे घेणाऱ्याने स्वतःच बघायचं.

हा टाईप केलेला कागद सगळ्याच मशीनांसाठी लागतो. मशीनचे दहा फोटो टाकण्यापेक्षा तीन फोटो आणि एक कागद जास्त विकतो असा माझा अनुभव. कागदावर काय हवं तर सगळी अक्षरं, शिफ्ट धरून सगळी अक्षरं, एकच अक्षर ओळभर, आणि एखादा परिच्छेद जरा वेगात मारलेला. जाणकार माणूस त्यावरून मशीन न बघता सगळं ओळखतो. कॅपिटल अक्षरं ओळीच्या वर किंवा खाली पडतायत म्हणजे शिफ्टची सेटिंग हललीये. अक्षरं एकमेकांवर चढतायत म्हणजे स्प्रिंगचा ताण कमी झालाय किंवा कॅरेज कुठेतरी घासतंय. पूर्णविरामाच्या जागी कागदाला भोक पडतंय म्हणजे रोलरचं रबर दगडासारखं कडक झालंय, आपल्याकडच्या हवेत हे जवळजवळ प्रत्येक जुन्या मशीनला झालेलं असतं, लपवू नका, मागे दोन कागद जास्त लावून टाईप केलं की बरंच सुधारतं हेही सांगा. प्रेसचे रोलर बनवून देणारे काही जण टाइपरायटरचा रोलर पुन्हा रबर चढवून देतात, पण एका मशीनसाठी तो खर्च काढून विकू नका, वसूल होत नाही.

दुरुस्ती किती करायची? जेवढी स्वस्तात होते तेवढीच. 'कॅरेज हलत नाही' म्हणून बाजूला टाकलेल्या मशीनांपैकी बऱ्याचशांचा नुसता पट्टा तुटलेला असतो, स्प्रिंगच्या ड्रमपासून कॅरेजला जाणारी ती कापडी पट्टी किंवा दोरी, ती बदलली की मशीन जिवंत. काही मशीनांचं तर तेवढंही नसतं, कॅरेजचं लॉक लागलेलं असतं नाहीतर मार्जिनचे दोन्ही स्टॉप जवळ आणून ठेवलेले असतात. कळा चिकटत असतील तर ज्या अर्धगोल खाचांमधून टाईपबार, म्हणजे टोकाला अक्षर असलेल्या दांड्या, वर येतात तिथे जुनं तेल आणि धूळ घट्ट झालेली असते. तिथे टर्पेंटाइन जरा ब्रशने लावा, टाईपबार हलवत राहा, पुसा, पुन्हा लावा. तेल टाकू नका. शिलाई मशीनचं नाही, खोबरेल तर नाहीच, आणि तो निळा-पिवळा डब्ल्यूडी-४० स्प्रेही नाही, आज सुळसुळीत होतं आणि दोन महिन्यांत पुन्हा चिकटतं, तोपर्यंत मशीन गिऱ्हाईकाच्या घरी पोचलेलं असतं. थिनर रंग खातो, तो बॉडीच्या जवळपास नेऊ नका. आणि रंग देऊ नका राव! जुनं मशीन चकाचक दिसावं म्हणून लोक स्प्रे पेंट मारतात, वरची सोनेरी अक्षरं त्याखाली जातात आणि संग्राहकाच्या दृष्टीने ते मशीन तिथेच संपतं. ओल्या फडक्याने पुसा, साबणाचं पाणी अगदी थोडं, लगेच कोरडं करा, बास.

भाव कसा ठरवायचा तर लोकांनी जाहिरातीत काय लावलाय त्यावर अजिबात जाऊ नका. चाळीस हजार लावलेली मशीनं वर्षानुवर्षं तिथेच असतात. काय विकलं गेलं ते बघा, म्हणजे परदेशी साइटवर 'विकले गेले' असा फिल्टर असतो तो लावा, पण तो डॉलरचा भाव इथे लागू होत नाही हेही लक्षात ठेवा, त्यात तिथल्या रिपेरिंगची मजुरी असते. इथला अंदाज घ्यायचा तर बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक चक्कर मारा, मुंबईला गेलात तर चोर बाजारात मटन स्ट्रीटला, विकायला नाही, नुसतं विचारायला. तिथे सांगितलेला भाव आणि तुम्ही पाठ फिरवल्यावर ओरडून सांगितलेला भाव, यांच्या मधलं काहीतरी खरं. सुरुवातीला थोडा चढा लावून दर दोन आठवड्यांनी उतरवत गेलात तरी हरकत नाही, घाई नाहीये तुम्हाला. फक्त बावीसच्या बावीस एकदम टाकू नका. एकाच माणसाकडे सात प्राईमा दिसल्या की गिऱ्हाईक भाव पाडणारच, एकावेळी एक टाका, ती गेली की दुसरी.

आता ट्रंका. बहुतेक लोक मशीनं विकतात आणि पार्ट भंगारात देतात, आणि नेमकं तेच नव्याने मिळत नाही. पण पार्टला गिऱ्हाईक थोडं असतं आणि त्याला नेमकी वस्तू हवी असते, त्यामुळे इथे विकण्यापेक्षा वेगवेगळं करून लावण्याचं काम मोठं आहे. वडिलांनी ज्या डब्यांत, पुड्यांत ठेवलंय ते आधी फोडू नका, त्या पुडीवर त्यांच्या अक्षरात 'एम-१२ ची' असं काही लिहिलेलं असेल तर तीच तुमची सगळ्यात मोठी मदत. कंपनीप्रमाणे ढीग करा, गोदरेजचं एकीकडे, रेमिंग्टनचं एकीकडे, हल्दा-फॅसिटचं एकीकडे, आणि ज्याचं ठाऊक नाही त्याचा वेगळा. स्क्रू कधीही एकत्र ओतू नका, जुन्या मशीनांचे आटे आजच्या बाजारातल्या स्क्रूशी जुळतीलच असं नसतं, एकदा मिसळले की ते वजनावरच जाणार.

लवकर जातं ते असं, पत्र्याचे रिबन स्पूल, कारण प्लॅस्टिकचे तुटतात आणि बऱ्याच मशीनांवर दोनपैकी एकच स्पूल उरलेला असतो, स्पूलची झाकणं, रोलरच्या बाजूच्या मुठी, कॅरेजचा पट्टा, कागद धरणारे छोटे रबरी रोलर नवे असतील तर, आणि कळांच्या टोप्या. मराठी अक्षरांचे खिळे, म्हणजे टाईपबारवर डागलेले ते ठसे, सुटे असतील तर सगळे एका डबीत, अक्षरवार मोजून, त्यांचा एक कागदावर ठसा घेऊन ठेवा, हे नवीन कोणी बनवत नाही आणि मराठी मशीन दुरुस्त करणाऱ्याला एका तुटलेल्या 'त' साठी अख्खं मशीन शोधावं लागतं. सीलबंद रिबन असतील तर त्या उघडून बघू नका, जुनी शाई बहुतेक वाळलेली असते, पण कोरेसच्या वगैरे पत्र्याच्या डब्या असतील तर डब्या गोळा करणारे वेगळे लोक आहेत, ते आत काय आहे हे विचारतही नाहीत.

सुटे सुटे विकत बसायला वेळ नसेल तर कंपनीवार डबा करा, 'गोदरेजचा डबा', आणि जो गोदरेज मशीन घेतो त्याला जोडून विचारा. नाहीतर एखाद्या चालू मेकॅनिकला कंपनीवार द्या, महाराष्ट्रात टाइपरायटर दुरुस्त करणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके उरलेत, त्यांना द्याल तर पैसे कमी येतील पण पार्ट मशीनमध्ये बसतील. मी असतो तर निम्मे असेच दिले असते, हे माझं मत, तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

पार्टसाठी मशीन खोलायचं का, हे तुम्ही विचारलंय. ज्याची कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा सांगाडा, फुटलीये, गंजून कॅरेज जाम झालंय, ते खोला. चालू किंवा चालू होऊ शकणारं मशीन खोलू नका, पार्टची बेरीज कागदावर जास्त दिसते पण त्यातले चार पार्ट विकले जातात आणि बाकीचं पुन्हा ट्रंकेत. काही जण काचेच्या गोल कळांसाठी विचारतील, त्या कापून त्याच्या अंगठ्या आणि ब्रेसलेट करतात. त्या काळ्या मशीनसाठी असा फोन नक्की येणार. मेलेल्या मशीनच्या कळा खुशाल द्या, ते काळं मशीन देऊ नका.

पाठवण्याचं सांगतो, कारण मशीनं सगळ्यात जास्त इथे मरतात. शक्य असेल तर हातोहात द्या, एसटीच्या किंवा ट्रॅव्हल्सच्या पार्सलने पाठवणार असाल तर समोर उतरवून घेणारा माणूस ठेवा. कुरिअरने पाठवायचं तर कॅरेज मधोमध आणा, दोन्ही मार्जिन स्टॉप मध्ये आणून ते हलणार नाही असं करा, कॅरेज-लॉक असेल तर तेही लावा आणि वरून दोरीने बांधा. मग प्लॅस्टिकची पिशवी, नाहीतर थर्माकोलचा भुगा आत जातो आणि तो चिमट्याने काढावा लागतो. मग बबल रॅप, मग सात प्लायचा खोका, मग चारी बाजूंनी दोन इंच फोम ठेवून दुसरा खोका. वर्तमानपत्राचे बोळे नकोत, एवढ्या वजनाखाली ते पहिल्या दिवशीच चपटे होतात. पोर्टेबलची स्वतःची पेटी म्हणजे पॅकिंग नव्हे, आतल्या क्लिपा निसटल्या की मशीन आतून पेटीवर आपटत जातं, म्हणून पेटीच्या आतसुद्धा फोम भरा. कुरिअरवाले वजन मोजतात तसा खोक्याचा आकारही मोजतात, लांबी-रुंदी-उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, म्हणजे ५० बाय ५० बाय ४० चा खोका आतलं मशीन पंधरा किलोचं असलं तरी वीस किलोचा धरतात. हा खर्च आधी विचारून मगच गिऱ्हाईकाला आकडा सांगा. आणि पॅक करायच्या आधी मशीन चालताना एक छोटा व्हिडीओ काढून त्याला पाठवून ठेवा.

परदेशातून कोणी मागितलं तर पोर्टेबलपुरतं हो म्हणा, मोठ्या मशीनचं भाडं मशीनपेक्षा जास्त होतं. ते काळं मशीन मात्र शंभर वर्षांपेक्षा जुनं निघालं तर बाहेर पाठवायच्या आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा, १९७२ चा कायदा शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू बाहेर न्यायला मनाई करतो, आणि वस्तू त्यात मोडत नाही असा दाखला खातं देतं. टाइपरायटर त्यात बसेल की नाही यावर कस्टमवाल्याशी वाद घालत बसण्यापेक्षा दाखला हातात असलेला बरा. वय सिरीयल नंबरवरून कळतं, कॅरेज एका बाजूला सरकवून खाली फ्रेमवर बघा, कंपनीवार नंबरांच्या याद्या नेटवर आहेत.

पैशाचं एकच. 'मी आर्मीत आहे, पोस्टिंगवर आहे, माझा माणूस येऊन घेऊन जाईल, तुम्ही फक्त हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील' असा फोन येईल. पैसे घेण्यासाठी स्कॅनही करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. फोन ठेवून द्या.

तुम्ही ठेवणार त्या तीन-चारांमध्ये एक मराठी मशीन ठेवा, सहापैकी ज्याचं अक्षर सगळ्यात सरळ येतं ते, आणि त्याच कंपनीचे पार्ट ट्रंकेतून आधी बाजूला काढा, पट्टे, स्पूल, खिळे, सगळे दोन-दोन, मग बाकीचे विकायला काढा. आणि त्या काळ्या मशीनचा डाव्या बाजूने, उजेडात, काच पुसून एक फोटो टाका, म्हणजे नक्की काय आहे ते सांगता येईल.